एरंडोलच्या पुढचा रस्ता

डोळे मिटा आणि एक गच्ची डोळ्यांपुढे आणा. गाव धुळे, महिना मे, सकाळचे साडेसहा. कठड्यावर अजून हात ठेवता येतो आहे, तासाभराने ठेवता येणार नाही. चार खाटा ओळीने मांडल्या आहेत, त्यांच्यावर जुनी धुतलेली धोतरं पसरली आहेत. मधोमध एक मोठं पातेलं आहे, त्यात ज्वारीचा शिजलेला घाटा. लसणाचा आणि तिळाचा वास येतो आहे. आला? मग आता डावीकडच्या कोपऱ्यात पाहा. तिथे पाण्याच्या भगुण्याजवळ एक मुलगी बसली आहे. तिचा उजवा हात पाण्यात आहे आणि डाव्या हातात फोन. अंगठा एका नावावर येऊन थांबला आहे.

नाव होतं हितेंद्र, दीपनगर. नावाखाली दोनच शब्द होते, ‘टीममधून काढा’.

“अरिबा, कापड!” अम्मीने हाक मारली.

अरिबाने न पाहताच एक कापड उचललं आणि पुढे सरकवलं.

खान्देशात उन्हाळ्यात बिबड्या, म्हणजे ज्वारीचे वाळवणाचे पापड, करतात, त्या तुम्ही खाल्ल्या असतील. ओल्या कापडावर घाट्याचा गोळा ठेवायचा, हाताने परातीएवढा पातळ थापायचा, मग कापडासकट उचलून खाटेवर पालथा घालायचा आणि कापड हळूच सोडवून घ्यायचं. एकटीचं हे काम नव्हे. म्हणून गल्लीतल्या बायका रोज एकीच्या घरी जमतात. त्या दिवशी अरिबाच्या घरची बारी होती, आणि कापडं भिजवून देण्याचं काम तिच्याकडे होतं. पण तिचं लक्ष नव्वद किलोमीटर लांबच्या जळगावकडे होतं.

अरिबाकडे बस चालवण्याचा एक गेम होता. त्यातली गावं परदेशातली, पाट्या वाचता न येणाऱ्या, रस्त्याच्या कडेला बर्फ. पण गेम बनवणाऱ्यांनी एक दार उघडं ठेवलं होतं. कुणीही आपला रस्ता, आपली गाडी बनवून त्यात घालू शकत होतं. अशा भरीला मॉड म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत अरिबाने धुळ्याचं बसस्थानक बनवलं. लाल गाडी बनवली. तिचे अब्बू, शकीलभाई, बसच्या सीटा शिवायचे. त्यांच्या दुकानातल्या रेक्झिनचा फोटो काढून तिने तोच गाडीच्या सीटांना चढवला. गाडी स्थानकाबाहेर निघाली, पारोळ्याच्या दिशेने वळली आणि दोन किलोमीटरवर रस्ता संपला. पुढे काही बनवलेलंच नव्हतं.

तेव्हा तिने गेमच्या चर्चेच्या पानावर लिहिलं, ‘धुळे ते जळगाव रस्ता बनवायचा आहे. पगार नाही. नाव मिळेल. कोण येतंय?’

सव्वीस जण आले.

अरिबा हरखून गेली. तिने सव्वीस जणांसाठी चौदा प्रश्नांचा फॉर्म केला आणि सात नियम लिहिले. चौथा नियम तिच्या विशेष आवडीचा होता. दिलेलं काम दिलेल्या तारखेला आलं नाही तर एक फुली, तीन फुल्या झाल्या की बाहेर.

सव्वीसपैकी एकोणीस जणांनी ‘मी टेस्टिंग करेन’ असं लिहिलं होतं. टेस्टिंग म्हणजे बस चालवून पाहायची आणि चुका सांगायच्या. अजून रस्ताच नव्हता, त्यामुळे ते एकोणीस जण नुसते बसून राहिले आणि कंटाळून निघून गेले. एक जण म्हणाला, मी फक्त कल्पना देईन. त्याची पहिली कल्पना होती की काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं. एकाला उपप्रमुखपद हवं होतं, ते मिळालं नाही म्हणून त्याने रागाने धुळ्याचा अर्धा मेन रोड परत नेला. एरंडोलचा वना बसच्या घंटीचा खरा आवाज देणार होता. त्याचे मामा कंडक्टर होते. पण आवाज यायला दोनदा उशीर झाला, मग होळीत आणखी दोन दिवस, आणि तिसऱ्या फुलीला वना बाहेर गेला. आलेला आवाज अरिबाने ऐकलाही नाही.

उरले तिघे. अरिबा, जळगावची मेघा आणि दीपनगरचा हितेंद्र.

मेघाने जळगावचं स्थानक फलाटांसकट पुरं केलं होतं. धुळे ते एरंडोल रस्ताही झाला होता. मधला तुकडा नव्हता. एरंडोल सोडलं की डांबर संपायचं आणि बस निळ्या पोकळीत पडत राहायची, प्रवाशांसकट.

“माझं स्टँड हवेत लटकलंय,” मेघा फोनवर म्हणायची. “काल मी तीन नंबरच्या फलाटावर जाऊन बसले. एकटी. एक गाडी येईना.”

मधला तुकडा हितेंद्रकडे होता. ढाबा, पेट्रोल पंप, मैलाचे दगड. अशा वस्तू घडवणं फक्त त्यालाच जमायचं. आठ दिवस झाले होते, त्याच्याकडून काही आलं नव्हतं. आल्या होत्या त्या दीपनगरच्या वीज केंद्राच्या उंच चिमण्या, त्याही तीनदा, एकाच ओळीसह.

‘धूर खाली पडतोय. वर जात नाही. एकदा बघशील?’

अरिबाने तिन्ही वेळा सारखंच उत्तर दिलं होतं. ‘दीपनगर आपल्या रस्त्यावर येत नाही. आधी ढाबा.’

चौदा जूनला संध्याकाळी कॉम्प्युटर कपाटात जाणार होता. पंधराला शाळा, आणि अरिबाची दहावी. अब्बूंनी एकदाच सांगितलं होतं, आणि ते दुसऱ्यांदा सांगत नसत. तोवर रस्ता जळगावला पोचला नाही, तर तो कधीच पोचणार नव्हता.

“आता गं! परत फाटली.”

यशोदाबाई गल्लीच्या टोकाला राहायच्या. अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून. त्यांच्या हातातल्या कापडाला अर्धी बिबडी चिकटून राहिली होती आणि अर्धी खाटेवर लोंबत होती.

“किती झाल्या यशोदाबाई?” पलीकडून कुणीतरी विचारलं.

“तीन. नही, चार. मोजू नको व माय, नजर लागी जाई.”

“जाड थापता तुम्ही.”

“मी जाडी शे, मनी बिबडी बी जाडी शे. तुले काय व्हयनं?”

गच्ची हसली. अरिबा हसली नाही. ती कुंदाबाईंच्या जवळ सरकली. शेजारच्या घरच्या कुंदाबाईंनीच यंदा या बाऱ्या लावल्या होत्या, कोणत्या दिवशी कुणाकडे जायचं ते त्याच ठरवत.

“काकू,” अरिबा हळूच म्हणाली, “यशोदाबाईंना थापायला का बसवता? त्यांच्या सारख्या फाटतात.”

“मग कुठे बसवू?”

“बोलवायचंच नाही ना. बाकीच्या सात जणींत झालं असतं. लवकर झालं असतं.”

कुंदाबाईंनी हातातला गोळा खाली ठेवला.

“अगं बाई! जमीला, धुळ्याला नवीन कलेक्टर आल्या बघ. तुझ्याच घरी उतरल्यात.”

अम्मीने पदरात तोंड लपवून हसू दाबलं. अरिबाचे कान तापले. कुंदाबाई मात्र उठून यशोदाबाईंपाशी गेल्या होत्या. त्यांनी यशोदाबाईंच्या पुढ्यातलं कापड दोन बोटांत धरून चोळलं. मग दुसरं चोळलं. दोन्ही कापडं घेऊन त्या भगुण्यापाशी आल्या, बुचकळली, हलक्या हाताने पिळली आणि परत नेऊन ठेवली. अरिबाकडे त्यांनी पाहिलं नाही.

यशोदाबाईंनी गोळा घेतला, थापला, उचलला, पालथा घातला. कापडाचं टोक धरून सोडवलं. बिबडी खाटेवर अख्खी उरली. पातळ होती, सगळीकडून सारखी, आणि मधे त्यांच्या चार बोटांचे ठसे होते.

“देख व पोर,” त्या अरिबाला म्हणाल्या, “मनीच शे ना ही?”

अरिबाने फोन उलटा करून कठड्यावर ठेवला. भगुण्यात दोन्ही हात घातले. आतापर्यंत दिलेली सगळी कापडं तिने गोळा केली आणि पुन्हा भिजवली. यशोदाबाईंची दोन कापडं तिने सगळ्यात आधी भिजवली.

आठ वाजता सगळ्या जणी सावलीला बसल्या. वाटीत गरम घाटा, त्यावर तेलाची धार. हे खायला मिळावं म्हणून गल्लीतली पोरं न सांगता उठतात.

“अम्मी, आपली बारी इतकी शेवटी का?” अरिबाने विचारलं. अम्मीच्या तळव्यांना लालसर डाग पडले होते, गरम घाट्याचे. सहा दिवस ती सहा घरी थापायला गेली होती आणि हे डाग अरिबाला आज दिसले होते.

“शेवटी कुठे? शेवटी कुंदाबाईंची आहे. उद्या.”

“पण हे सगळं त्यांनीच सुरू केलं ना?”

“म्हणून तर,” कुंदाबाई वाटी चाटत म्हणाल्या. “पहिल्या दिवशी माझ्याच करून घेतल्या असत्या, तर दुसऱ्या दिवशी पाच जणींची डोकी दुखली असती. एकीच्या घरी पाहुणे आले असते.”

“मग पहिली बारी कुणाची होती?”

“यशोदाची. तिच्या घरात दुसरं माणूस नाही हाताशी.”

अरिबाने यशोदाबाईंकडे पाहिलं. त्यांचं काम पहिल्याच दिवशी होऊन गेलं होतं. तरी त्या सहा दिवस रोज येत होत्या, रोज उशिरा, रोज मोठ्याने. आत्ताही त्या कावळा हाकलायला काठी घेऊन उठल्या होत्या आणि कावळ्याला त्याच्या आईवरून काही तरी विचारत होत्या.

अरिबा वाटी घेऊनच खाली गेली. तिने कॉम्प्युटर लावला आणि हितेंद्रची फाइल उघडली. पहिल्यांदाच.

चिमण्या सुरेख होत्या. त्यांवरचे लाल-पांढरे पट्टे, वर चढायच्या लोखंडी शिड्या. आणि धूर खरंच खाली पडत होता, डोंगरावरून पाणी पडावं तसा. अरिबाला हसू आलं. तिच्या धुळ्याच्या स्थानकावर चहाच्या टपरीची वाफ अशीच जमिनीवर सांडायची. तीन दिवस डोकं खाऊन तिला कळलं होतं की वस्तू खाली ओढणारा आकडा वाफेलाही लागतो, आणि त्याच्या आधी वजाचं चिन्ह टाकावं लागतं. तिने चिन्ह टाकलं. धूर थबकला आणि वर निघाला.

दहा मिनिटं. घाटा अजून कोमट होता.

फाइल बंद करताना तिने चित्र जरा मागे ओढलं, आणि तिचा हात थांबला. चिमण्या मोकळ्या आकाशात नव्हत्या. त्या एका खिडकीतून दिसत होत्या. खिडकीचा एक गज वाकलेला होता. कठड्यावर स्टीलचा पेला होता. भिंतीवर पेन्सिलीने उंचीच्या रेघा मारलेल्या होत्या. सगळ्यात खालची रेघ टेबलाच्याही खाली होती.

तिने फोन लावला.

“खिडकी कुणाची आहे?”

पलीकडे चिकटपट्टी ओढल्याचा करकरीत आवाज आला.

“माझी,” हितेंद्र म्हणाला. “पप्पा एकतीसला रिटायर होतायत. क्वार्टर सोडायचं आहे. आठ दिवस सामानच बांधतोय. शिरपूरला जाणार आम्ही, काकांकडे. म्हटलं, तोवर होईल खिडकी.” चिकटपट्टी पुन्हा करकरली. “ढाबा राहिलाय, माहीत आहे मला. काढलंस का टीममधून?”

“सांगायचं ना आधी.”

“फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता.”

अरिबाने दुरुस्त केलेली फाइल त्याला धाडली.

“फाइल पाठवलीय,” ती म्हणाली. “उघडून बघ.”

चिकटपट्टीचा आवाज थांबला. माउसची टकटक ऐकू आली. मग लांबून, फोन खाली ठेवून ओरडल्यासारखा आवाज आला. “पप्पा! ओ पप्पा! चढला! धूर चढला!”

त्या दुपारी अरिबाने सातही नियम पुसले. त्यांच्या जागी एक यादी केली. ‘बाऱ्या’ असं वर लिहिलं. पहिली बारी हितेंद्रची: दीपनगर. त्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून त्याला हवं ते बनवायचं.

मेघा भडकली.

“वेडी झालीस का? इकडे एरंडोल-जळगाव होईना आणि तू भुसावळच्याही पुढे निघालीस?”

“रस्ता नाही करायचा. तुझ्या स्टँडबाहेर एक पाटी लावू. पाटीखालून गाडी गेली की थेट त्याच्या खिडकीखाली.”

“आणि माझी बारी?”

“तिसरी. काय हवंय तुला?”

“फलाटावर माणसं. निदान दहा. एकीच्या हातात केळी हवीत.”

“आणि दुसरी बारी वनाची,” अरिबा म्हणाली. “त्याला मी फोन करते.”

तो फोन करायला तिला अर्धा तास लागला. दोनदा नंबर काढला आणि दोनदा ठेवून दिला. तिसऱ्यांदा वनाने पहिल्याच रिंगला उचलला.

“वना, मी अरिबा. होळीत माझं चुकलं. तुला आपल्या रस्त्यावर काय बनवायला आवडेल?”

“कशाला? फुली द्यायला?”

“नाही. बनवायला. आम्ही मदत करतो.”

वना म्हणाला, “पद्मालयाचा फाटा. तिथे उसाच्या रसाची गाडी असते. तिला घुंगरू असतात.” आणि पाठोपाठ, “घंटीचा आवाज आहे माझ्याकडे अजून. मामाच्या गाडीतला. घेणार का?”

यादीत सगळ्यात खाली अरिबाने धुळे लिहिलं.

बाऱ्यांचं कळल्यावर जुन्यांतले पाच जण परतले. कल्पना देणाराही आला. त्याला स्वतःच्या आजीचं दुकान बनवायचं होतं, आणि त्यासाठी त्याने पहिल्यांदा हात चालवले. उपप्रमुखपद मागणाऱ्याने अर्धा मेन रोड परत आणून दिला. जूनच्या तीन तारखेला शिरपूरहून, अर्धवट उघडलेल्या खोक्यांमधून, हितेंद्रने ढाबा पाठवला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. पाठोपाठ पेट्रोल पंप आला, मैलाचे सगळे दगड आले. एका दगडावर त्याने कुत्रा बसवला होता. बाराला डांबर जळगावला टेकलं. अरिबाचं धुळे मात्र तसंच राहिलं. मेन रोडवर अर्ध्या दुकानांना पाट्याच नव्हत्या.

चौदा जून. संध्याकाळचे पाच.

अब्बू कॉम्प्युटरवर घालायला जुनी चादर घेऊन दारात उभे होते. टेबलावर ताटलीत बिबडी भाजून ठेवली होती. मध्ये चार बोटांचे ठसे असलेली.

“झालं का?” अब्बूंनी विचारलं.

“एकच फेरी, अब्बू.”

अब्बू खुर्ची ओढून बसले. पडद्यावरच्या सीटांकडे पाहून म्हणाले, “शिवण सरळ आलीय. बरंय.”

धुळ्याच्या स्थानकात लाल गाडी उभी होती. आपापल्या घरून खेळणाऱ्या चौघांना एकाच गाडीत बसता येत होतं. मेघा गाडीत नव्हती, ती जळगावला तीन नंबरच्या फलाटावर केळीवाल्या बाईशेजारी उभी होती, आणि तिथून हलायला तयार नव्हती. वना मागच्या सीटवर होता. हितेंद्र खिडकीशी. ड्रायव्हरची जागा मोकळी होती. ती अर्थातच अरिबाची. सात महिने ती याच फेरीची वाट पाहत होती, वळणन्‌वळण तिला पाठ होतं.

“चल ना, अरिबा,” हेडफोनमधून मेघाचा आवाज आला. “पाय दुखायला लागले माझे.”

“तुझे खरे पाय की गेममधले?” वनाने विचारलं.

“दोन्ही!”

“हितेंद्र,” अरिबा म्हणाली, “तू पुढे ये.”

“मी?”

“शेवटचा थांबा तुझा आहे. तूच ने.”

खिडकीतली सीट रिकामी झाली आणि ड्रायव्हरची भरली. इंजिन घरघरलं. अरिबा दाराजवळ गेली, कंडक्टरच्या जागेवर उभी राहिली, आणि वर लटकणारी दोरी धरून तिने वनाची घंटी दोनदा वाजवली.